दादाचा अर्ध्या खटक्याचा चाकू: सहा महिन्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, पन्नाशीला टेकलेला. ह्यूस्टनच्या बाहेर एका उपनगरात त्याचं आणि वहिनीचं इंडियन ग्रोसरीचं दुकान आहे, फार मोठं नाही. उपनगर कुठलं ते मुद्दाम सांगत नाही. मी शनिवारी तिथे मदतीला जातो, मदत म्हणजे अर्धा वेळ बॉक्स फोडणं आणि अर्धा वेळ वहिनीच्या हातचे पोहे. आणि मला चाकूंचा नाद आहे हे घरात सगळ्यांना माहितीये, त्यामुळे या प्रकरणात मी नुसता बघ्या नव्हतो. चाकू मीच सुचवला होता, हे आधीच सांगून टाकतो.

दादाचा दिवस कापाकापीतच जातो. टेप लावलेले पुठ्ठ्याचे बॉक्स, प्लास्टिकच्या पट्ट्या, पॅलेटवरचं गुंडाळलेलं प्लास्टिक, तांदळाची पोती, मेथीच्या जुड्यांचे रबर, आणि एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या. दिवसाला साठ-सत्तर वेळा तरी काहीतरी कापायचं असतं आणि बहुतेक वेळा एका हातात सामान असतं. आधी तो दुकानातलीच स्वैपाकाची सुरी वापरायचा, ती कुठेतरी ठेवायचा आणि मग "सुरी कुणी घेतली रे" असा ओरडा व्हायचा.

अडचण काय होती

दादाचं म्हणणं साधं होतं, खिशात राहील आणि एका हाताने उघडेल असं काहीतरी दे. मी ऐकलं ते मात्र वेगळंच. माझ्या डोक्यात लगेच 'एव्हरीडे कॅरी', म्हणजे रोज खिशात वागवायचा चाकू, वगैरे सुरू झालं, कुठलं स्टील, कुठलं लॉक, फ्लिपर की थंब स्टड. तो मागत होता हत्यार हरवू नये याचा उपाय आणि मी त्याच्यासाठी चाकू निवडायला बसलो. पहिली चूक इथेच झाली, पण ती कळायला चार महिने गेले.

शेवटी घेतला तो असिस्टेड ओपनिंगचा, ते म्हणजे काय ते थोडक्यात. मराठीत आपण ज्याला खटक्याचा चाकू म्हणतो त्यात मुठीवर बटण असतं, बटण दाबलं की पातं आपोआप बाहेर. असिस्टेड चाकूत मुठीवर बटण नसतं. पात्यालाच एक छोटा खुंटा असतो, किंवा पात्याचाच एक कान मुठीच्या पाठीमागून बाहेर आलेला असतो, त्याला फ्लिपर म्हणतात. तो बोटाने ढकलायचा. सुरुवातीच्या थोड्या अंशांपर्यंत स्प्रिंग पातं उलट आतच ओढून धरते, तेवढा जोर तुम्ही लावायचा, आणि तो टप्पा ओलांडला की तीच स्प्रिंग बाजू बदलते आणि पातं टच्चकन उघडून लॉक होतं. म्हणून मी त्याला अर्ध्या खटक्याचा म्हणतो. आत बहुतेक वेळा एक वाकवलेली तार असते, टॉर्शन बार. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ही कल्पना रुजली, केरशॉने केन ओनियनच्या डिझाइनवरून 'स्पीडसेफ' नावाने आणली आणि मग सगळ्यांनीच उचलली.

ही सुरुवातीची आत ओढणारी स्प्रिंग म्हणजेच कायद्याचा सगळा खेळ आहे. अमेरिकेचा स्विचब्लेडविरुद्धचा, म्हणजे खटक्याच्या चाकूविरुद्धचा, केंद्रीय कायदा १९५८ चा. २००९ मध्ये कस्टम्सवाल्यांनी असिस्टेड चाकूंनाही त्याच खात्यात टाकायचा प्रस्ताव आणला, त्यावर बरीच बोंबाबोंब झाली आणि त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती केली की ज्या चाकूचा कल मिटलेला राहण्याकडे आहे आणि जो उघडायला पात्यावर हाताने जोर लावावा लागतो तो यात धरायचा नाही. राज्याराज्यांचे कायदे वेगळे, पण टेक्सास त्या बाबतीत मोकळं आहे. २०१३ पासून इथे खटक्याचाही चालतो, आणि २०१७ पासून साडेपाच इंचापर्यंतच्या पात्याला मोठ्या माणसासाठी जवळपास काहीच आडकाठी नाही. दादाचं पातं तीन इंचाचं होणार होतं, म्हणजे कायदा हा विषयच नव्हता. निदान टेक्सासात तरी.

पर्याय काय होते

एक, पिवळा बॉक्स कटर, बदलत्या ब्लेडचा, सोडला की पातं आपोआप आत जाणारा. हा मी अर्ध्या मिनिटात उडवून लावला, कारण सांगायचं तर त्यात मला मजा वाटत नव्हती, दुसरं काही कारण नाही.

दोन, स्विस आर्मी चाकू. व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिमीचा, लॉक नसलेला. उत्तम वस्तू आहे, पण नखाने पातं ओढायचं म्हणजे दोन हात लागतात आणि दादाचं मुख्य मागणं तेच होतं.

तीन, साधा एका हाताचा फोल्डिंग, स्प्रिंग नसलेला, बेअरिंगवर फिरणारा. आज विचाराल तर खिशात ठेवायला मी हाच सांगेन. चांगल्या बेअरिंगचा फ्लिपर असिस्टेडइतकाच झटकन उघडतो, मिटताना विरोध करत नाही, आणि तुटायला आत तारही नसते. तेव्हा मात्र दादाच्या बजेटमध्ये जे मिळत होते ते हातात घेतल्यावर घसरत घसरत उघडायचे, आणि नवशिक्या माणसाला मनगटाचा झटका द्यायला लागू नये असं मला वाटलं.

चार, असिस्टेड. चाळीस डॉलरच्या आसपास, लायनर लॉक (मुठीतली पातळ पट्टी उघड्या पात्यामागे अडकते ते), ८सीआर१३एमओव्ही हे चिनी स्टेनलेस स्टील, फ्लिपर, आणि पातं मिटल्यावर अडकवून ठेवायला एक छोटी सरकती सेफ्टी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा दोष नव्हता आणि नाव घेतलं की लोक फक्त तेवढंच वाचतात.

डी२ स्टीलचाही एक होता, धार जास्त टिकते, पण डी२ मध्ये क्रोमियम साधारण १२ टक्के, म्हणजे पूर्ण स्टेनलेस नाही. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यातला घाम आणि आंब्याचा रस या दोन्हींत तो डाग धरणार हे दिसत होतं, म्हणून तो नाही घेतला. हा एक निर्णय मात्र बरोबर निघाला.

दुकानात दादाने चौथा उघडला, टच्च आवाज आला, आणि तो लहान मुलासारखा हसला. परत मिटवला, परत टच्च. वहिनी म्हणाली, "झालं, आता हाच घेणार." खरं सांगायचं तर निर्णय तिथेच झाला, पुढची आमची स्टीलबिलची चर्चा म्हणजे ठरलेल्या लग्नात पत्रिका जुळवणं.

पारख कशी केली

घेतल्यावर महिनाभर मी थोडं शिस्तीत बघितलं. पातं मिटल्यावर दोन्ही बाजूंच्या मधोमध बसतंय का, उघडल्यावर डावी-उजवीकडे हलतंय का, पाठीवर अंगठ्याने दाबलं तर लॉक सरकतंय का (लोक पाठ टेबलावर आपटून बघतात, ते करू नका, चांगलं लॉकही त्याने खराब होतं). सगळं ठीक होतं. धार नवीन होती तेव्हा वर्तमानपत्राचा कागद सरळ कापायचा. पण पुठ्ठा धार खातो, पुठ्ठ्यातच बारीक खर असते. चार-पाच दिवसांत कागद अडखळायला लागला, टेप मात्र अजून पंधरा दिवस कापत होता. रविवारी सिरॅमिकच्या दांडीवर एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा असे हात फिरवले की आठवडा निघायचा.

उघडणं झकास. मिटवणं? तिथे मी नीट बघितलंच नाही. लायनर लॉक मिटवताना अंगठ्याने पट्टी बाजूला दाबायची आणि पातं आत ढकलायचं, म्हणजे क्षणभर अंगठा पात्याच्या वाटेत असतो. साध्या चाकूत पातं सैल पडतं, असिस्टेडमध्ये स्प्रिंग उघडं ठेवायला बघत असते त्यामुळे जोर लावून ढकलावं लागतं, आणि शेवटच्या टप्प्यात स्प्रिंग परत बाजू बदलून पातं गपकन आत ओढते. तुमचं बोट तिथून वेळेत निघालेलं पाहिजे. दादाच्या जाड बोटांना ते जमायला आठवडा गेला, आणि तरी तो बऱ्याचदा पाठ मांडीवर दाबून मिटवायचा. म्हणजे एका हाताचा चाकू मिटवायला एक हात आणि एक मांडी. साठ वेळा उघडायचा असेल तर साठ वेळा मिटवायचाही असतो, हा साधा हिशोब मी केला नव्हता.

आणखी एक गंमत. तांदळाच्या पोत्याला चाकू लागतच नाही. पोत्याच्या तोंडाला साखळी टाका असतो, योग्य टोकाचा दोरा सोडवला आणि ओढला की सर्रकन सगळी शिवण उसवते. चुकीच्या टोकाने ओढलं तर गाठ बसते. दादाला हे वीस वर्षं माहिती होतं, त्याची बोटं बघून घेण्यासारखी आहेत, नखाने पहिला टाका उचलतो आणि दुसऱ्या हाताने पोतं धरून एका दमात उसवतो, दाणा सांडत नाही. चाकू आल्यापासून तो पोती कापायला लागला. दोन पोत्यांना खाली चीर गेली आणि तांदूळ जमिनीवर. वहिनी त्या दिवशी जे बोलली ते इथे लिहीत नाही.

मे महिन्यातला शनिवार

आंब्याचा माल आला होता, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, गिऱ्हाईक पेट्यांचा वास घेत उभं. दादाच्या उजव्या खिशात चाकू, त्याच खिशात गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा. सेफ्टी लावलेली नव्हती. पहिल्या आठवड्यात लावायचा, पण दर वेळी अंगठ्याने सरकवायला लागते म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून सोडून दिली होती. मला माहिती होतं, मी बोललो नाही. चाकू टोक वर ठेवून क्लिपने अडकवला होता, ते ठीक, अशा वेळी उघडणारी बाजू खिशाच्या मागच्या शिवणीला टेकलेली असली की पातं उघडू शकत नाही. पण दिवसभर वाकून वाकून तो खिशाच्या मध्यावर सरकला होता.

तो खाली वाकला, वीस पौंडाचं पोतं उचललं, जुडग्यातली एक किल्ली फ्लिपरला टेकली असणार. पातं पहिला टप्पा ओलांडून गेलं आणि पुढचं काम स्प्रिंगने केलं, फक्त कापडाने अडवलं म्हणून पूर्ण उघडलं नाही. खिशात धारेची बाजू उघडी. डिलिव्हरीवाला गाडी हलवा म्हणाला, दादाने किल्लीसाठी हात घातला.

उजव्या हाताची तर्जनी, आतल्या बाजूने. आवाज काहीच केला नाही त्याने, नुसता हात बाहेर काढून बघत राहिला. वहिनीने ओढणी गुंडाळली, मी गाडी काढली. चार टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि डॉक्टरीणबाईंनी बोट वाकवून सरळ करून बघितलं, सुदैवाने कंडरा शाबूत होता. एक इंच वर-खाली किंवा जरा खोल गेलं असतं तर हे प्रकरण लिहायला मी धजावलो नसतो.

मग काय ठरवलं

रात्री जेवणाच्या टेबलावर चाकू ठेवून तिघं बसलो. सेफ्टी न लावता मी तो जोरजोरात हलवला, उघडला नाही. खुर्चीच्या उंचीवरून गालिच्यावर टाकला, नाही उघडला. मग किल्लीचं टोक फ्लिपरवर हलकं टेकवून दाबलं, टच्च. म्हणजे चाकू खराब नव्हता, तो जे करायला बनवलाय तेच त्याने खिशात केलं होतं.

माझं मत होतं की सेफ्टी लावायची, चाकू वेगळ्या खिशात, झालं. वहिनीचं मत होतं की वस्तू घरातून जावी. दादाने बराच वेळ काही म्हटलं नाही, मग म्हणाला, "अरे पण सेफ्टी लावायची, मग ती काढायची, मग उघडायचा, मग मांडीवर मिटवायचा, मग परत सेफ्टी. मग यात लवकर काय झालं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्प्रिंगचा सगळा फायदा अर्ध्या सेकंदाचा, आणि तो अर्धा सेकंद सेफ्टीने परत घेतला.

दुकानासाठी तीन पिवळे बॉक्स कटर आणले, एक गल्ल्यापाशी, एक मागच्या दाराशी, एक भाजीच्या टेबलाला. तिन्ही सुतळीने बांधलेले. म्हणजे मूळ अडचण, वस्तू जागेवर सापडत नाही, ती सुटली, सहा डॉलरात. खिशात त्याने लॉक नसलेला छोटा स्विस चाकू ठेवला, तो दोन हातांनीच उघडतो, आणि आता ते त्याला चालतं कारण साठ वेळा उघडायचा नसतो.

लंडनचा फाटा

हे इथेच संपलं असतं. पण जुलैमध्ये दादा-वहिनी पुण्याला निघाले, मध्ये लंडनला भाच्याकडे चार दिवस. आणि दादाचा अजून त्या टच्चवर जीव होता, बोट शिवून झाल्यावरही. त्याने तसाच एक नवा चाकू भाच्याला भेट म्हणून घेतला आणि चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवला. केबिनमध्ये चालत नाही एवढं त्याला माहिती होतं, चेक-इनमध्ये टाकला की झालं असं त्याने धरलं.

निघायच्या आदल्या रात्री फोनवर सहज बोलून गेला. भाचा ओरडलाच, "मामा, तो बॅगेतून काढ आधी."

ब्रिटनमध्ये फ्लिक नाइफवर, म्हणजे खटक्याच्या चाकूवर, १९५९ चा कायदा आहे, आणि २०१९ च्या कायद्याने त्याची व्याख्या रुंद केली, १४ जुलै २०२१ पासून लागू. अर्धवट उघडलेल्या स्थितीतून पूर्ण उघडणारं पातंही त्यात आलं, म्हणजे नेमका आपला अर्ध्या खटक्याचा. तो देशात आणणं, विकणं, कुणाला भेट देणं, आणि स्वतःच्या घरात कपाटात ठेवणंसुद्धा गुन्हा. तिथे घराबाहेर कारण न देता बाळगता येतो तो फक्त लॉक नसलेला, मिटणारा, तीन इंचापर्यंत धारेचा चाकू. म्हणजे दादाच्या खिशातला तो दोन हातांचा कंटाळवाणा स्विस तिथे चालणार होता आणि अमेरिकेत ज्याला संसदेने मुद्दाम सूट दिली तो नाही. आत ओढणारी जी स्प्रिंग इकडे सुटकेचं कारण, तिकडे तिची कुणी दखलच घेत नाही.

पुण्यात नेला असता तर काय, हे मी नंतर वाचलं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असलं की परवान्याची भानगड, आपला त्यात बसत नव्हता. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७(१) आहे, सणासुदीला, निवडणुकीला, बंदोबस्ताला आयुक्तालयाकडून मनाई आदेश निघतात आणि त्यात हत्यारांबरोबर चाकू, काठ्याही येतात, मोडला तर कलम १३५. पेपरात आपण रोज वाचतो की "३७(१), १३५ प्रमाणे गुन्हा दाखल", कधी थांबून विचार करत नाही की ते कशाबद्दल आहे. आणि नाक्यावरच्या हवालदाराला स्प्रिंग आधी कुठल्या बाजूला ओढते हे समजावून सांगायची हिंमत माझ्यात तरी नाही. टच्च आवाज ऐकला की त्याच्यासाठी तो रामपुरीच.

चाकू ह्यूस्टनलाच राहिला. भाच्याला लोणच्याची बरणी गेली.

आता परत करायचं झालं तर

मी पहिला प्रश्न वेगळा विचारीन. "कुठला हवा" न विचारता अर्धा दिवस दुकानात उभा राहून मोजेन, काय कापतोस, कुठे उभा राहून, दुसऱ्या हातात काय असतं. तेवढं केलं असतं तर पोत्यांना चाकू लागत नाही आणि बाकी सगळं काम तीन ठरलेल्या जागी होतं हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. खिशाची गरजच नव्हती.

दुकानात चाकू हातात घेऊन बघाल तेव्हा दहा वेळा उघडा आणि वीस वेळा मिटवा, तेही डाव्या हातात काहीतरी धरून. सेफ्टी असेल तर ती लावूनच वेळ मोजा, न लावता मोजलेला वेग खोटा. खिशात किल्ल्या, नाणी काही नको, आणि दिवसातून दोनदा हाताने चाचपून तो मागच्या शिवणीला आहे ना बघायचं. मी स्वतः आजही एक असिस्टेड वापरतो, घरी, टेबलावर, पार्सलं फोडायला. तिथे तो मस्त आहे. नाद गेलेला नाही, उगाच साधूपणा कशाला दाखवू.

दादाने तिसऱ्या आठवड्यात सेफ्टी सोडली तेव्हा मी गप्प बसलो, ते मला अजून टोचतं. मोठा भाऊ आहे, दुकान त्याचं, मी कशाला शिकवू असं वाटलं. बोललो असतो तर त्याने ऐकलं असतंच असं नाही, पण बोलायला हवं होतं.

सद्यस्थिती

ऑगस्टमध्ये ते परत आले. पुण्याहून सांगलीकडे गावी जाऊन आले होते, तिथे नानांच्या चंचीतला अडकित्ता दादाने मागून आणलाय, पितळी, दोन्ही पाती घासून पातळ झालेली. नानांनी साठ वर्षं तो कमरेला वागवला, मिटला की बोथट बाजू बाहेर, सुपारी मध्ये धरल्याशिवाय तो काहीच कापत नाही. दुकानात गल्ल्यामागे लटकवलाय, गिऱ्हाइकं विचारतात.

असिस्टेड चाकू दोन्ही वहिनीच्या ताब्यात आहेत. एक नवा कोरा डब्यात, दुसरा स्वैपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, सेफ्टी लावून वर रबर गुंडाळलेला. दादाचं बोट बरं आहे, लसूण सोलताना टोकाला मुंग्या येतात म्हणतो. लसूण आता मी सोलतो, शनिवारी.